चिठ्ठी दिली, पुढे काय? किशोरांचं मन आणि फॅमिली डॉक्टर

पंधरा वर्षांची मुलगी डोकेदुखी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे येते. झोप नीट नाही, शाळेची वेळ झाली की पोटात कळ येते. रक्त तपासलं, डोळे तपासले, सगळं नॉर्मल. डॉक्टर अनुभवी आहेत. दोन-चार प्रश्नांतच त्यांच्या लक्षात येतं की दुखणं मनाचं आहे, आणि ते मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहून देतात. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलेलं नाही. गडबड होते ती यानंतर. चिठ्ठी घरी येते. फोन कुणी करायचा यात आठवडा जातो, वेळ मिळते ती महिना-दोन महिन्यांनंतरची. दरम्यान परीक्षा येतात, मुलगी म्हणते "आता बरंय मला", घरातलं कुणीतरी म्हणतं "या वयात होतंच असं", आणि चिठ्ठी पर्सच्या कप्प्यात राहून जाते. डॉक्टरांना वाटतं मुलगी तज्ज्ञांकडे गेली. तज्ज्ञांना अशी कुणी मुलगी आहे हेच माहीत नसतं.

मानसिक आरोग्याची सेवा प्राथमिक आरोग्यसेवेतच मिसळायची, असं जे हल्ली जगभर बोललं जातं, ते या मधल्या पोकळीत मूल हरवू नये म्हणून. कल्पना ऐकायला सोपी आहे. मूल ताप-खोकल्यासाठी, लसीसाठी, खेळाच्या सर्टिफिकेटसाठी जिथे येतंच, तिथेच त्याच्या मनाचंही बघायचं. प्रत्यक्षात हे कसं चालतं, कुठे अडतं आणि आईवडिलांचा त्यात काय वाटा असतो, हे जरा बैजवार पाहू.

आधी वयाचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात असं दिसलं, की आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत. आजार सुरू होतो तेव्हा रुग्ण अजून बालरोगतज्ज्ञांच्या किंवा फॅमिली डॉक्टरांच्याच नजरेखाली असतो. शिवाय या वयातलं नैराश्य ओळखू येईल अशा रूपात येत नाही. मोठ्या माणसात उदासपणा दिसतो. किशोरवयात त्याची जागा सततची चिडचिड घेऊ शकते, आणि निदानाच्या निकषांतही तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. घरात तिला "उद्धटपणा" म्हणतात, शाळेत "अभ्यासात लक्ष नाही" म्हणतात. डॉक्टरांपर्यंत पोहोचते ती डोकेदुखी. म्हणून डॉक्टरांना या डोकेदुखीच्या पुढचं विचारता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट लाजेची. दवाखान्याबाहेर कुणी ओळखीचं भेटलं तर "सर्दी झालीय" म्हणता येतं. मनोविकारांच्या क्लिनिकबाहेर ती सोय नसते. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सोळा वर्षांच्या मुलाला विचारून बघा.

आता "मिसळायची" म्हणजे नक्की काय करायचं? या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे डॉक्टरांकडे चांगल्या समुपदेशकांची यादी असणं आणि त्यांच्याशी अधूनमधून फोनवर बोलणं. दुसरी म्हणजे समुपदेशकाला त्याच इमारतीत खोली देणं. याने जाण्या-येण्याचा त्रास वाचतो आणि डॉक्टर स्वतः मुलाला शेजारच्या खोलीत नेऊन "ही माझी सहकारी, हिच्याशी बोल" असं म्हणू शकतात. समोरासमोर झालेल्या अशा ओळखीला चिठ्ठीपेक्षा कितीतरी जास्त वजन असतं. तरीही एकाच छपराखाली दोन स्वतंत्र दुकानं चालू शकतात. डॉक्टरांची नोंदवही वेगळी, समुपदेशकाची वेगळी, आणि मूल दोन भेटींनंतर यायचं थांबलं तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

तिसरा प्रकार खरा. त्याला सहयोगी उपचारपद्धती म्हणता येईल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती घडवली. तिच्यात तीन माणसं असतात. डॉक्टर, जे मुलाला आणि घराला आधीपासून ओळखतात. केअर मॅनेजर, म्हणजे प्रशिक्षित नर्स, समाजकार्यकर्ती किंवा समुपदेशक. आणि मानसोपचारतज्ज्ञ. यातली गंमत अशी, की मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक रुग्णांना प्रत्यक्ष बघतच नाहीत. आठवड्यातून एकदा ते केअर मॅनेजरबरोबर बसतात आणि उपचार घेणाऱ्या मुलांची यादी उघडतात. लक्षणांच्या प्रश्नावलीत कोणाचे गुण उतरले (म्हणजे त्रास कमी झाला), कोणाचे महिनाभर तिथेच अडकले, कोण फोन उचलत नाही. जे अडकलेत त्यांच्यासाठी काय बदलायचं ते सुचवतात, औषध लिहायचं तर ते डॉक्टर लिहितात. तज्ज्ञाच्या एका तासात अशी अनेक मुलं पाहून होतात. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडेच कमी आहेत, बालमानसोपचारतज्ज्ञ तर त्याहून, तेव्हा हा हिशोब महत्त्वाचा आहे.

माझ्या मते या पद्धतीचा प्राण आहे ती यादी, आणि ती हातात धरून बसलेली केअर मॅनेजर. मूल भेटीला आलं नाही तर ती फोन करते. औषध सुरू झाल्यावर आठवड्याने विचारते, "काय रे, झोप कशी आहे? गोळी घेतोयस ना?" दर काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेते. गुण ठरलेल्या पातळीपर्यंत उतरले नाहीत तर "बघू अजून थोडे दिवस" म्हणायची सोय नसते, उपचार बदलावाच लागतो. रक्तदाबाच्या रुग्णाचं जसं आकडा उतरेपर्यंत औषध जुळवत राहतात, तसंच हे.

याचा उपयोग होतो का? सुरुवातीचे मोठे पुरावे मोठ्या माणसांचे होते. २००२ साली साठीच्या पुढच्या १,८०१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभराने नैराश्याची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेले रुग्ण सहयोगी पद्धतीत ४५ टक्के होते, नेहमीच्या सेवेत १९ टक्के. किशोरांसाठी असाच प्रयोग लॉरा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी केला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. १३ ते १७ वयाची १०१ मुलं, संख्या तशी लहान. निम्म्यांना नेहमीची वाट दाखवली: चाचणीचा निकाल कळवला आणि सेवा कुठे मिळेल ते सांगितलं. उरलेल्यांना केअर मॅनेजर मिळाली, आणि बोलून उपचार घ्यायचे, औषध घ्यायचं की दोन्ही, हे मुलं आणि पालक यांनी तिच्याबरोबर बसून ठरवलं. वर्षाअखेरीस पहिल्या गटातली सुमारे २१ टक्के मुलं नैराश्यातून बाहेर आली होती, दुसऱ्यातली सुमारे ५० टक्के. पुढच्याच वर्षी जोन असार्नो यांच्या गटाने मनाची सेवा प्राथमिक सेवेत मिसळणारे मुला-किशोरांवरचे ३१ प्रयोग एकत्र करून तपासले. एकत्रित सेवेतलं एक मूल आणि नेहमीच्या सेवेतलं एक मूल डोळे मिटून उचललं, तर एकत्रित सेवेतलं मूल अधिक बरं असण्याची शक्यता ६६ टक्के निघाली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. जादू नाही ही. पण निव्वळ सहयोगी पद्धतीचे प्रयोग बघितले तर तो आकडा ७३ पर्यंत गेला.

आता प्रश्नावलीबद्दल, कारण गैरसमज तिथेच जास्त होतात. नैराश्य तपासायला सर्वांत जास्त वापरली जाते ती पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मोठ्यांमध्ये १० किंवा त्याहून जास्त गुण आले की डॉक्टर सावध होतात. किशोरांसाठी ११ ही रेघ जास्त योग्य ठरते असं रिचर्डसन यांच्याच २०१०च्या अभ्यासात दिसलं. या रेघेवर चाचणी खऱ्या नैराश्याची सुमारे ९० टक्के मुलं पकडते, आणि नैराश्य नसलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांना बरोबर बाजूला काढते.

ऐकायला झकास वाटतं ना? जरा आकडेमोड करू. समजा १,००० मुलांनी फॉर्म भरला आणि त्यांतल्या ६० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाचणी त्यांतली साधारण ५४ पकडेल. उरलेल्या ९४० जणांना नैराश्य नाही, पण त्यांतले २१० च्या आसपास तरीही रेघेच्या वर दिसतील. कुणाची परीक्षा चालू आहे, कुणाचं मैत्रिणीशी बिनसलंय, कुणी आठवडाभर जागलंय. म्हणजे रेघेच्या वर गेलेल्या पाचांतल्या एकालाच नैराश्य. बाकी चौघांच्या घरी जाऊन "तुमच्या मुलाला डिप्रेशन आहे" असं सांगणं म्हणजे कहर. म्हणून फॉर्मवरचा आकडा हे बोलायला सुरुवात करण्याचं निमित्त, निदान ते बोलल्यावर. आणि बोलायला माणूसच नसेल तर फॉर्म वाटू नयेत, असं मला स्पष्ट वाटतं. कोणत्या तपासण्या कराव्यात हे सुचवणाऱ्या अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये १२ ते १८ वयाच्या मुलांची नैराश्यासाठी आणि ८ ते १८ वयाच्या मुलांची चिंताविकारासाठी चाचणी करायची शिफारस केली. पण त्याबरोबर चाचणीनंतरचं निदान, उपचार आणि पाठपुरावा करणारी व्यवस्था असायला हवी, हेही सांगितलं. शिफारस बातम्यांत गाजते, तिची अट कुणी वाचत नाही.

नऊपैकी शेवटचा प्रश्न मेलेलं बरं असं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. पालक इथे दचकतात. असं विचारून आपणच मुलाच्या डोक्यात घालतोय का? ही भीती स्वाभाविक आहे आणि ती तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट करून एका गटाला आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. २००५ मध्ये निष्कर्ष आले. विचारलेल्या गटात ना त्रास वाढला ना तसे विचार. उलट आधीपासून नैराश्य असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. तेव्हा सरळ शब्दांत विचारावं. "तसलं काही मनात येत नाही ना तुझ्या?" असा उत्तर आधीच सांगणारा प्रश्न विचारला, तर मूल "नाही" म्हणून मोकळं होतं.

उत्तर "हो" आलं तर पुढे काय, हे दवाखान्यात आधी ठरलेलं असावं लागतं. प्रत्येक "हो" म्हणजे रुग्णालयात भरती नव्हे. धोका किती जवळचा आहे ते बघतात, आणि घरी पाठवण्यासारखी स्थिती असेल तर मुलाबरोबर बसून सुरक्षा आराखडा लिहितात. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी ही पद्धत बसवली. तो कागद मुलाच्याच शब्दांत असतो: मला कळतं कसं की वाईट वेळ येतेय, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, मन दुसरीकडे वळवायला कुठे किंवा कुणाकडे जाऊ शकतो, मदत मागायला कोणाला फोन करेन, डॉक्टरांचा आणि तातडीचा नंबर कोणता. शेवटचा भाग घरच्यांचा. औषधं, विषारी द्रव्यं, शस्त्र, जे काही धोक्याचं असेल ते घराबाहेर काढायचं किंवा कुलपात ठेवायचं. असा तीव्र क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात हाताशी काही न सापडणं याने जीव वाचतो. इथे पालकांवरचा अविश्वास नाही आणि मुलावरचाही नाही.

हे सगळं मूल बोलेल तेव्हा. आणि आई शेजारी बसलेली असताना ते बोलत नाही. म्हणून किशोरांच्या भेटीत काही वेळ डॉक्टर आणि मूल दोघंच असावेत हा नियमच ठेवावा लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा लावावा लागतो. फक्त एखाद्याच्याच आईला बाहेर पाठवलं तर तिला वाटणारच की काहीतरी गंभीर आहे. चांगले डॉक्टर सहज म्हणतात, "आई, आता दहा मिनिटं आम्ही दोघंच बोलतो, या वयाच्या सगळ्यांशी मी असंच बोलते. मग तुम्ही या आत." मग मुलाला: "तू जे सांगशील ते आपल्यात राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे, तू कुणाला इजा करणार आहेस किंवा तुला कुणी त्रास देतंय असं कळलं, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. तेही तुला सांगूनच." या अटी आधी सांगितल्या नाहीत तर पुढे विश्वास तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. गोपनीयतेचे कायदे ठिकाणागणिक वेगळे आहेत, ते डॉक्टरांना माहीत असलेच पाहिजेत.

त्या दहा मिनिटांत विचारायचं काय याचीही ठरलेली चढण आहे. आधी घर, मग शाळा, मग मित्र आणि छंद, त्यानंतर नशा, शरीरसंबंध, आणि शेवटी मनःस्थिती. हा क्रम जॉन गोल्डनरिंग आणि एरिक कोहेन यांनी १९८८ मध्ये लोकप्रिय केला. आरंभी असे प्रश्न, की ज्यांची उत्तरं द्यायला काही वाटत नाही. नाजूक प्रश्नापर्यंत पोहोचेतो मुलाची जीभ सैल झालेली असते.

कुटुंबाबद्दल बोलताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. मुलाचा आजार शोधता शोधता आई किंवा वडील आजारी असल्याचं कळतं. मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नैराश्याचे उपचार घेणाऱ्या आयांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांवर संशोधकांनी काहीच उपचार केले नव्हते. तीन महिन्यांत ज्यांच्या आया बऱ्या झाल्या, त्या मुलांमधल्या मानसिक निदानांचं प्रमाण ११ टक्क्यांनी उतरलं. ज्यांच्या आया बऱ्या झाल्या नाहीत, तिथे ते ८ टक्क्यांनी चढलं. फॅमिली डॉक्टर दोघांनाही ओळखत असतात, म्हणून ही गाठ त्यांनाच दिसू शकते. वेगवेगळ्या इमारतींतल्या दोन तज्ज्ञांना ती दिसणार नाही.

चिंतेच्या बाबतीत पालकांचा वाटा आणखी थेट आहे, आणि तो प्रेमापोटी असतो. मूल शाळेला घाबरतं म्हणून घरी ठेवलं, एकटं झोपायला घाबरतं म्हणून जवळ घेतलं, अनोळखी माणसाशी बोलत नाही म्हणून त्याच्या वतीने आपणच उत्तर दिलं. दर वेळी मूल त्या क्षणी शांत होतं आणि भीती मात्र पक्की होत जाते. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी केवळ पालकांना शिकवण्याची एक पद्धत तयार केली. मूल सत्राला येतच नाही. आईवडील ही सांभाळून घेण्याची सवय टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची आणि त्याच वेळी "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला हे झेपेल याचीही मला खात्री आहे" हे कसं सांगायचं, ते शिकतात. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांच्या २०२०मधल्या अभ्यासात ही पद्धत, मुलाला स्वतःला दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा (म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या, बोलून करायच्या उपचारापेक्षा) कमी पडली नाही. "मी नाही येणार कुठल्या डॉक्टरकडे" म्हणून दार लावून बसणाऱ्या मुलांच्या घरांसाठी ही मोठीच सोय आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. सौम्य नैराश्यात बहुधा गोळ्यांपासून सुरुवात करत नाहीत. झोपेची घडी बसवणं, सुटलेल्या गोष्टी छोट्या छोट्या हप्त्यांत पुन्हा सुरू करणं, विचारांची तपासणी, हे प्रशिक्षित केअर मॅनेजर दवाखान्यातच काही भेटींत करू शकते. मध्यम ते तीव्र नैराश्यात २००४चा ४३९ किशोरांवरचा अभ्यास आजही आधाराला घेतात. बारा आठवड्यांनी फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध आणि बोधात्मक वर्तनोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त औषधावर सुमारे ६१, फक्त बोलून उपचारांवर ४३, आणि नकली गोळीवर ३५. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्यावरच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण मुला-किशोरांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार थोडे वाढू शकतात. या इशाऱ्याने घाबरून औषधच टाळणं चूक, आणि गोळी देऊन "दोन महिन्यांनी या" म्हणणं त्याहून मोठी चूक. पहिले काही आठवडे कुणीतरी वरचेवर विचारलं पाहिजे, गोळी मनानेच बंद करायची नाही हेही सांगितलं पाहिजे. पुन्हा तीच केअर मॅनेजर.

सगळंच दवाखान्यात निभावत नाही. भास होणं, झोपेविना दिवसेंदिवस चढलेला उत्साह, खाणं जवळपास बंद होऊन वजन कोसळणं, वारंवार स्वतःला इजा करणं, असं काही असेल तर तज्ज्ञांकडेच जायला हवं. पण तिथेही दवाखान्याने वेळ मिळवून द्यावी आणि मूल पोहोचलं का ते बघावं.

मग हे सगळीकडे का होत नाही? मुख्य कारण पैसा, आणि तोही विचित्र तऱ्हेने. दवाखान्याला पैसे मिळतात समोर बसलेल्या रुग्णाचे. केअर मॅनेजरने केलेल्या फोनचे आणि तिने मानसोपचारतज्ज्ञांबरोबर यादीवर घालवलेल्या तासाचे कोण देणार? अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली ती २०१७ मध्ये, वर सांगितलेल्या साठीच्या रुग्णांच्या अभ्यासानंतर पंधरा वर्षांनी. जिथे पूर्ण पथक परवडत नाही तिथे मधली वाट म्हणजे डॉक्टरांसाठी तज्ज्ञांची फोनसेवा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ती अनेक वर्षं चालू आहे. मुलांचे डॉक्टर फोन करतात आणि अर्ध्या तासाच्या आत बालमानसोपचारतज्ज्ञ त्यांच्याशी बोलावेत अशी रचना आहे. दवाखान्यांत हल्ली टॅबलेटवर प्रश्नावली भरून घ्यायची हौस दिसते. एकाच गोष्टीपुरता पैसा असेल तर टॅबलेट राहू द्या, फोन करणारं माणूस नेमा.

पालक म्हणून तुम्ही डॉक्टरांना काही गोष्टी थेट विचारू शकता. माझ्या मुलाशी तुम्ही एकट्याने बोलाल का? फॉर्मवर काही निघालं तर तुमच्याकडे पुढे कोण बघतं? तज्ज्ञांकडे पाठवलंत तर ती वेळ येईपर्यंत आम्ही कोणाच्या संपर्कात राहायचं, आणि ते आम्हाला फोन करतील की आम्ही करायचा? या शेवटच्या प्रश्नावर समोरचे गोंधळले तर रागावू नका, पण उत्तराची तारीख आणि नाव कागदावर लिहून घ्या. आणि मूल जीव देण्याबद्दल बोलत असेल, तशी तयारी करताना दिसत असेल, तर यातलं काहीच विचारत बसू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी, त्याच वेळी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा.